कूलरच्या दिवसांतला आईचा आवाज

परवा बाबांनी बाल्कनीतला कूलर दिवाणखान्याच्या खिडकीपाशी ओढला आणि आमच्याकडे उन्हाळा सुरू झाला. पंचांगात काय लिहिलं असेल ते असो, दिल्लीच्या द्वारकेत वैशाख कूलरवरूनच ओळखायचा. जुन्या गवताच्या जाळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, टाकीतला हिवाळाभराचा गाळ खरवडायचा, कबुतरांनी आणून ठेवलेल्या काड्या वेचायच्या. मग पंखा फिरला की तो वास येतो, ओल्या गवताचा, थोडा गंजाचा, थोडा मातीचा. आई त्या जाळ्यांना अजून वाळ्याच्या ताट्या म्हणते. त्यांच्यात वाळा औषधालाही नसतो, पण आईला कोण सांगणार? एसी आहे आमच्याकडे, आतल्या खोलीत. पण आईच्या मते एसीनं गळा धरतो, आणि बाबांच्या मते एसीत बसलेल्या माणसाला कोण आलं, कोण गेलं कळत नाही.

कूलर लावला की सुरुवातीला त्याची घरघर डोक्यात भरते. मग ती नाहीशी होते. म्हणजे ती असतेच, आपले कान तिला घरचंच माणूस समजून सोडून देतात. कूलर बंद झाला, की मग लक्षात येतं, अरे, इतका वेळ चालू होता होय! दिल्लीत वाढलेल्या माणसाला कूलरचा आवाज म्हणजे शांतताच वाटते. या शांततेनं मला एका उन्हाळ्यात चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. आणि मी तर पोटासाठी आवाजाचंच काम करते.

काम मिक्सिंगचं. नोएडाच्या एका स्टुडिओत बसून मी वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले आवाज एकत्र आणते. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, कुणाचा जाडपणा काढायचा, कुणाला जरा धार लावायची. पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखं सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. पण खरी मेख पुढेच असते. स्टुडिओतले मोठे स्पीकर महाग आणि प्रामाणिक असतात. ऐकणारा मात्र ऐकतो फोनवर, गाडीत, टीव्हीवर, एका कानात इअरफोनचं बोंड घालून मेट्रोत उभ्याउभ्या. आपण इथे मन लावून बसवलेलं गाणं तिथे जाऊन काय होईल याचा नेम नसतो. लग्न करून दिलेल्या मुलीसारखं ते प्रत्येक घरी वेगळं वागवलं जातं. म्हणून आम्ही एकच मिक्स मिळेल त्या यंत्रावर वाजवून बघतो आणि प्रत्येक ठिकाणी कान टवकारून बसतो. हे मी वर्षानुवर्षं परक्या लोकांच्या आवाजासाठी केलं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आईच्या आवाजासाठी केलं.

त्या वर्षी आईच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. साधी होती, पण काढायला हवी होती. डॉक्टर पंजाबी होते, सज्जन होते. म्हणाले, "माताजी, ऑपरेशन के बाद आवाज़ में थोड़ा फ़र्क आ सकता है. ज़्यादातर लौट आती है."

आईनं विचारलं, "और गाना?"

"आप स्टेज पर गाती हैं?"

"नहीं नहीं, घर में."

"अच्छा, घर में!" डॉक्टरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांची काही चूक नव्हती. पण मला ते फार लागलं. घरात गाणारीचा आवाज गेला तर कुणाचं काय जातं, असं काहीतरी त्या 'अच्छा'मध्ये मला ऐकू आलं. जातं ना. माझं जातं.

कारण आई म्हणजे आमच्या घरातलं गाणं. शिकलेली नाही ती. भोंडल्याची गाणी, हळदीची गाणी, आणि तिच्या आईनं रचलेला एक पाळणा. त्या पाळण्यात घरातल्या प्रत्येक बाळाचं नाव त्या त्या वेळी गुंफलेलं आहे. माझं आहे, सुधामावशीच्या मुलांची आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये भोंडला असतो तेव्हा इथली मुलं 'शिंकं' म्हणजे काय आणि 'माजघर' म्हणजे काय असं विचारतात. आई त्यांना हिंदीत समजावते आणि मग मराठीत गाते. मुलांना शब्द अर्धे कळतात. चाल मात्र पुरती कळते.

ऑपरेशन उन्हाळा संपल्यावर करू, असं आईनंच ठरवलं. "आधी लोणचं होऊ दे," म्हणाली. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. तिचं लोणचं होईपर्यंत माझ्या हातात तिचा आवाज होता. मी सुट्टी काढली, निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं की आता काही दिवस जेवायला आईकडेच यायचं, आणि दोन सेक्टर पलीकडच्या माझ्या घरातून माईक, तारा, छोटे स्पीकर सगळं उचलून माहेरी आले. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर स्टुडिओ थाटला.

ध्वनिमुद्रण करताना कूलर बंद. पंखाही बंद. भिंतींवरून आवाज उलटू नये म्हणून दिवाणातल्या साऱ्या रजया बाहेर काढल्या आणि आईच्या भोवती दोऱ्यांवर टांगल्या. बाहेर लूच्या गरम झळा वाहत होत्या आणि आत आई जानेवारीच्या रजयांमध्ये उभी राहून पाळणा गात होती. शेजारच्या भाभी दार उघडं बघून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आंटीजी, सब ठीक तो है?" आईनं घाम पुसत सांगितलं, "हाँ हाँ, बस गाना चल रहा है." त्या बिचाऱ्या सरबत करून घेऊन आल्या.

त्यातून आम्ही विमानतळाच्या शेजारचे. एक कडवं झालं की विमान. विमान गेलं की कबाडीवाला. कबाडीवाला गेला की आईला हसू. आणि एक गोष्ट मला फार छळत होती. गाता गाता आई माईकपासून तोंड वळवायची. रजयांच्या फटीतून बाबांच्या खुर्चीकडे. आवाज लगेच लांब जायचा. मी ओरडायची, "आई, इकडे बघ, इकडे!" ती "हो गं बाई" म्हणून वळायची आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा तिकडेच.

बाबांना ऐकू कमी येतं. खालचे, जाडे आवाज बरे येतात, वरचे, बारीक आवाज येतच नाहीत. कानाच्या तपासणीचा कागद मी पाहिला आहे. त्यावरची रेघ घसरगुंडीसारखी उतरते. आईचा आवाज नेमका त्या घसरगुंडीवरचा, उंच आणि बारीक. श्रवणयंत्र आहे, पण त्यात कुकरची शिट्टी भाल्यासारखी घुसते म्हणून ते खणात. त्यामुळे आई बाबांशी कित्येक वर्षं ओरडूनच बोलत आली होती. चहात साखर हवी का, हेसुद्धा खालच्या मजल्यापर्यंत कळायचं. मी मुद्रणाच्या एका दुपारी चिडून विचारलं की आई सारखी तिकडे काय वळते, तेव्हा बाबाच खालच्या आवाजात म्हणाले, "मनू, मला तिचं गाणं आता येत नाही ऐकू. ओठांकडे बघतो, म्हणजे कळतं कुठलं चाललंय. तिला सांगू नकोस."

आईला सांगायची गरजच नव्हती. ती स्वयंपाकघरात कैऱ्या चिरताना म्हणाली, "मला काय कळत नाही होय? म्हणून तर तोंड तिकडे करते. तू तुझा माईक तिकडे सरकव ना!" इतक्या वर्षांच्या माझ्या धंद्यात मला हे सुचलं नव्हतं. मी माईक बाबांच्या खुर्चीपुढे नेला. गाणी सगळी तिथे झाली. आज ती ऐकताना मला कळतं की ती कुणासाठी गायली आहेत, आणि मला थोडा हेवाही वाटतो.

मग मिक्सिंग. त्याला मात्र कूलर बंद करायची काय गरज? मुद्रण तर झालं होतं. त्या उकाड्यात मी कूलर पूर्ण सोडला, त्याच्या झोतात बसले आणि पुष्कळ दिवस मन लावून काम केलं. साथीला तंबोरा आणि पेटी मी मागून जोडली होती. तंबोरा कमी वाटला, वाढवला. आईच्या आवाजाचा खालचा पाया दिसेना, तोही वाढवला. तिचे 'स' आणि 'श' जरा पुसट वाटले, त्यांना धार लावली. शेवटी आई अशी लखलखीत गायला लागली की मी स्वतःवरच खूष. पाठ थोपटायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्वतःच थोपटून घेतली.

रविवारी आम्ही ते गाडीत घालून फरीदाबादला मावशीकडे निघालो. पुढे निखिल आणि मी, मागे आई-बाबा. सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलो आणि मी पाळणा लावला. गाडीची दारं थरथरायला लागली. तंबोरा म्हणजे ट्रक. आई म्हणजे रांजणात तोंड घालून बोलणारी कुणी बाई, आणि मध्येच तिचा 'स' कानात सुई टोचल्यासारखा. निखिल बिचारा समोर बघून गाडी चालवत राहिला. जावयाला सासूच्या गाण्याबद्दल काय बोलता येतं? शेवटी आईच मागून म्हणाली, "ह्या पाळण्यानं तर झोपलेलं पोर उठेल गं!"

मी रस्ताभर डोकं खाजवत होते. मावशीच्या घरी पोचलो, तिनं आमच्यासाठी कूलर लावला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या घरघरीखाली तंबोरा बुडत होता, म्हणून मी तो वर ओढत बसले होते. त्या फुसफुशीखाली आईचे 'स' बुडत होते, म्हणून मी त्यांना धार लावत बसले होते. पुष्कळ दिवस मी आईला कूलरशी भांडायला लावलं होतं. आता गाडीत कूलर नव्हता आणि आई एकटीच भांडत होती. पहिल्या वर्षाला शिकवतात हे, खोली शांत ठेवा म्हणून. पण मला तर खोली शांतच वाटत होती! मुंबईहून आलेल्या कुठल्याही माणसानं आत पाऊल टाकताच विचारलं असतं, केवढा हा आवाज! दिल्लीत वाढलेली मी, मला कोण विचारणार?

मावशी फोनवर गाणी ऐकते. फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून, म्हणजे मोठ्यानं येतं. तिनं मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. पण ही ताई नाही."

"म्हणजे?"

"ताई ओळ सोडताना जरा हसते. ते हसू कुठे गेलं?"

मी पुढचे दिवस घामाच्या धारांत काढले. कूलर बंद, पंखा बंद, एका हातात पंचा. तंबोरा खाली आला, धार उतरवली, आणि खरंच, ओळीच्या शेवटी ते हसू सापडलं. इतकंसं, श्वासाएवढं. मग सुरू झाली माझी वणवण. जे यंत्र दिसेल त्यावर आईला वाजवायचं. टीव्हीवर लावलं तर पेटी पुढे यायची, आई मागे. फोनवर तंबोरा गायबच. एकाला बरं करावं तर दुसरं बिघडायचं. निखिलच्या गाडीचा एक स्पीकर फाटला होता, तो बदलायला आम्ही करोल बागेत गेलो तर आईही हट्टानं आली. दुकानदारानं नवा स्पीकर जोडून विचारलं, "मैडम, कौन सा गाना लगाऊँ?" मी पाळणा दिला. भर बाजारात, हॉर्न आणि हातगाड्यांच्या मधोमध, माझ्या आजीचा पाळणा दणदणायला लागला. दोन बायका खरेदीच्या पिशव्या घेऊन थांबल्याच.

"मैडम, आवाज़ अच्छी है," दुकानदार म्हणाला, "पर बेस डलवा लो. गाड़ी हिलनी चाहिए यार!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. परतताना म्हणाली, "इतक्या मोठ्यानं मी कुणाला निजवलं नव्हतं आजवर." त्या दिवशी ती इतकी खूष होती की गाठीचा विषय दिवसभर कुणाच्या तोंडी आला नाही.

तेव्हा मला एक गोष्ट कळत गेली, आणि ती आता माझ्या धंद्यात रोज उपयोगी पडते. सगळीकडे सुंदर वाजणारं मिक्स नसतंच. व्यक्ती तितक्या प्रकृती, तशी यंत्रं तितक्या प्रकृती. मावशीच्या पातेल्यात तंबोरा येणार नाही, गाडीत ते हसू थोडं हरवणारच. आपण एवढंच बघायचं की कुठेही गेली तरी ती ओळखू यावी. आम्ही दिल्लीतली मराठी माणसं तरी वेगळं काय करतो? आई लिफ्टमध्ये "नमस्ते भाभीजी" म्हणते, भाजीवाल्याशी "भैया, ये क्या भिंडी है" म्हणून भांडते, मावशीशी फोनवर अस्सल पुण्याची होते. प्रत्येक ठिकाणी तिचं काहीतरी कापलं जातं. तरी कुठेही ती दुसरी कुणी होत नाही.

फक्त एका ठिकाणी मी हरले. बाबा. त्यांना मी प्रत्येक मिक्स ऐकवलं आणि त्यांनी प्रत्येकाला "छान" म्हटलं, जसं ते प्रत्येक आमटीला म्हणतात. एकदा मी त्यांच्या एकट्यासाठी वेगळं मिक्स केलं, पेटी काढून टाकली, आईचा आवाज त्यांना पोचेल अशा पट्टीत खाली दाबला, जाड केला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "गाणं ओळखलं मी. बाई कोण आहे?" मी ते लगेच पुसून टाकलं. आणि त्या दुपारी मला पहिल्यांदा रडू आलं. आईचा आवाज मी साऱ्या जगासाठी सांभाळून ठेवत होते आणि तो ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत नेण्याचं एकही बटण माझ्याकडे नव्हतं.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. लोणचं मुरलं होतं. गाठ साधीच निघाली, त्याबद्दल देवाचे किती आभार मानावेत तेवढे थोडे. पण आवाज डॉक्टर म्हणाले होते तसा 'लौटला' नाही. म्हणजे आला, पण तो नाही. आधी नुसती कुजबुज, मग घोगरा, मग दिवाळीच्या सुमाराला एक जाड, खालचा, थोडा खरखरीत आवाज तिच्या गळ्यात येऊन राहिला आणि तिथेच राहिला. वरचे सूर गेले. ओरडणं तर पुरतं गेलं. फोनवर लोक तिला "हाँ भाईसाहब" म्हणायला लागले तेव्हा ती हसायची. मी हसायची नाही. मी घरी जाऊन पाळणा लावायची आणि ओळीच्या शेवटचं ते हसू ऐकायची. तो सगळा हिवाळा मी असाच काढला, आणि आईसमोर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

मागच्या महिन्यात तिनंच विचारलं, "ते माझं गाणं आहे का गं अजून?" मी फोनवर लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरी गाते की ही," म्हणाली. "ठेव हिला नीट. पुढच्या पोरांची नावं घालायला कुणीतरी हवं." आणि उठून कुकर लावायला गेली. मला वाटलं होतं ती रडेल. तिला बाकीची कामं होती.

आता परवाचंच. कूलर बसवून झाला, चहा झाला, मी जाळ्यांचं जुनं गवत पिशवीत भरत होते. आई स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. पूर्वी अशा वेळी ती तिथून ओरडायची, बाबा इथून "काय?" ओरडायचे, आणि असा तीन-चार वेळा चेंडू इकडून तिकडे गेला की कुणीतरी चिडायचं. आता ती ओरडू शकत नाही. बाबा खुर्चीतून उठले, आत गेले आणि ओट्याला टेकून तिच्या अगदी शेजारी उभे राहिले. ती बोलायला लागली, त्या नव्या जाड आवाजात. आणि बाबांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. ते ऐकत होते. तिच्या ओठांकडे बघत नव्हते, हातातल्या कोथिंबिरीच्या काड्या मोडत होते आणि नुसते ऐकत होते. मग तेही काहीतरी हळूच म्हणाले. आईनं त्यांच्या हातावर चापट मारली. भांडण होतं की काय होतं, कोण जाणे.

मी पिशवी तशीच धरून उभी राहिले. जन्मभर या घरातलं नवराबायकोचं प्रत्येक वाक्य मी, शेजाऱ्यांनी, खालच्या मजल्यानं ऐकलेलं. आणि आज दोघं हातभर अंतरावर उभे राहून बोलत होते, आणि मला, आवाजावर पोट भरणाऱ्या मला, एक शब्द कळत नव्हता. मी नकळत दोन पावलं पुढे गेले.

आईनं मान वळवली. "काय गं, काही हवंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग जा ना. आम्ही बोलतोय."